तोडणीचा प्रोग्राम आणि मामांची सासुरवाडी

"भांडगावचा ऊस तर मिसरूड फुटायच्या आत कापला. जावयाची कृपा, दुसरं काय."

हे वाक्य साखर कारखान्याच्या कँटीनमधे, तट्ट्याच्या पलीकडून आलं. अलीकडे मी होते. कँटीनमधे बायकांनी बसावं की नाही यावर संचालक मंडळाचं एकमत होत नव्हतं, म्हणून कोपऱ्यात बांबूचा तट्ट्या उभा करून त्यामागं एक टेबल टाकलं होतं. तिथं बसलेली बाई कुणाला दिसत नसे, आणि न दिसणाऱ्या माणसाला कानही नसतात अशी पुरुषांची समजूत असते. मला ती सोय फार आवडायची.

"अन् माझा दीड वर्षाचा आडसाली बघ," दुसरा आवाज म्हणाला. "तुरा आलाय, उंदरं लागली, आता डुकरंच यायची राहिल्यात. टोळी कुठंय? तर मामाच्या सासऱ्याच्या बांधावर."

"सोमवारी शिरूरला मीटिंग हाय. मामाला घरी बसवत्यात."

"बसू दे की. बायको म्हायेरी गेली आसंल तर सैपाकाची पंचाईत, एवढंच."

पलीकडे हशा झाला. मी चहा संपवला आणि ते लोक उठेपर्यंत बसून राहिले. गप्प बसणं हे तेव्हा माझं सगळ्यात मोठं कौशल्य होतं. कॉम्प्युटरची कोबॉल भाषा त्याच्या खालोखाल.

मामा म्हणजे शेतकी खात्याचे मुख्य ओव्हरसियर. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कोणती टोळी कुठल्या रानात पाठवायची, त्या प्रत्येक चिठ्ठीवर त्यांची सही लागे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, चेअरमनसुद्धा. आणि हंगामाच्या पहिल्याच महिन्यात असं झालं होतं की कोवळा ऊस कारखान्याच्या गव्हाणीत गाळपाला पडत होता आणि पिकलेला रानात उभा होता. साखरेचा उतारा इतका खाली आला की चीफ केमिस्ट देवळात जायला लागले. कोवळा तुटलेल्या गावांत मामांची सासुरवाडी होती. एवढा पुरावा पंचक्रोशीला पुरला.

खरं तर सासुरवाडीवरही मामांची कृपा झालेली नव्हती. कोवळ्या उसाला वजन भरलं नाही म्हणून सासूबाई जावयाशी बोलत नव्हत्या. मात्र रान लवकर मोकळं झालं आणि सासऱ्यांनी गहू पेरून टाकला. लोकांना दिसला तो गहू. सासूबाईंचा अबोला कुणाला दिसणार?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कारखान्यानं तोडणीचं काम नव्या पद्धतीनं करायचं ठरवलं होतं. स्वतःचा कॉम्प्युटर अर्थातच नव्हता. तो पुण्यात होता, एका केंद्रात, तासाच्या भाड्यानं. आमच्याकडे दौंडला, स्टेशनाजवळ दोन खोल्या, कार्डं पंच करायची दोन यंत्रं, एक पंच ऑपरेटर आणि मी. ऑपरेटर दौंडचीच होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिला घरात सगळे बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचे म्हणून मीही बाजी म्हणायचे. गाड्यांनी ऊस यावा तशी गावागावांतून नोंदीची कागदं यायची. आम्ही त्यांची कार्डं करायचो आणि मी ती पत्र्याच्या पेटीत घालून सकाळच्या गाडीनं पुण्याला न्यायचे. तिथं ती टेपवर चढायची, प्रोग्राम चालायचे आणि रुंद कागदांचे गठ्ठे घेऊन मी परत यायचे. डब्यातल्या बायका विचारायच्या, पेटीत काय आहे. मी म्हणायचे, भोकं.

प्रोग्राम पुण्यातल्या सरांनी लिहिलेले होते. सर उन्हाळ्यातही टाय लावायचे, कारण यंत्राच्या खोलीत थंडी असायची. मी त्यांची ट्रेनी. माझी नेमणूक झाली त्याचं कारण मला इंग्रजी येत होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत इंग्रजी शाळा होती, वडील लोको शेडमधे होते, आणि मुलीनं इंग्रजीत शिकावं असं त्यांनी मी जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. त्यामुळं मला इंग्रजीत निबंध लिहिता यायचा आणि मराठीत भांडता यायचं नाही. भांडायला लागले की वाक्य आधी मनात तयार करावं लागे, आणि ते तयार होईपर्यंत समोरचा जिंकून घरी गेलेला असे.

मामांबद्दल मला काही प्रेम नव्हतं, हे सांगायला हवं. मामांना माणूस भेटला की त्याचं मूळ शोधायची सवय होती. आडनाव, मूळ गाव, मामाचं गाव. तीन प्रश्नांत ते कुणालाही त्याच्या फळीवर नेऊन ठेवत. माझ्या बाबतीत मात्र ते अडकले. आडनाव चार जातींत चालणारं.

"मूळ गाव?"

"दौंड."

"दौंड म्हंजी ठेसन. ठेसन कुणाचं मूळ गाव नसतंय, ताई. बरं, मामा कुठले?"

"मामा नाहीत मला," मी म्हणाले. मला धडधाकट मामा होते, आणि एक तर तेव्हा आमच्याच घरी जेवायला होता.

शेवटी त्यांना कुठून तरी कळलंच, की आम्ही बौद्ध आहोत. कळलं हे मला त्यांच्या वागण्यातूनच समजलं. आधी ते आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला द्यायचे. नंतर माझ्यासाठी कँटीनमधून मागवू लागले. आग्रह तेवढाच. मीही तेवढ्याच आग्रहानं प्यायचे.

तेव्हा मामांची नोकरी जाणार हे ऐकून मला वाईट वगैरे वाटलं नाही. वाटली ती शंका. कारण सासुरवाडीचा ऊस आधी तोडायला मामांकडे सोयच नव्हती. चिठ्ठ्या आमच्या कागदावरून निघत. प्रोग्राम सांगे तशी टोळी जाई. मामांनी पहिल्याच आठवड्यात सरांना निरोप पाठवला होता की ही तोड उलटी दिसतेय, आणि सरांनी उलट निरोप दिला होता की यंत्र चुकत नसतं. मग मामांनी डोळे मिटून सह्या केल्या. डोळे मिटून सही करणं हे त्यांना नवीन नव्हतं.

म्हणजे चूक कुठं होती, हे कागदांत सापडायला हवं होतं.

मी बाजीला सांगून खोलीतली खुर्च्या-टेबलं भिंतीला लावली आणि शहाबादी फरशीवर वाया गेलेली कार्डं मांडली. प्रत्येक कार्ड म्हणजे एक प्रोग्राम किंवा एक टेप. मधे खडूनं बाण. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडून निघणारा, ज्याला द्यायचं त्याच्यापाशी संपणारा.

"रांगोळी काय गं ही?" बाजी यंत्रावरून न उठता म्हणाली.

"कोण कोणावर अवलंबून आहे ते बघतेय."

"ते तर मी सांगते. सगळे सरांवर, सर बायकोवर."

मी शेवटापासून सुरुवात केली. तोडणीची चिठ्ठी. तिला जन्म देणारा तोडणीचा प्रोग्राम. तो काय करतो? सभासदांच्या नोंदींची मुख्य टेप वरून वाचायला घेतो आणि टोळ्यांना पंधरा दिवस पुरेल एवढा ऊस झाला की थांबतो. पिकलेला कोणता, कोवळा कोणता, हे तो बघतच नाही. त्याला बघायची गरज नव्हती, कारण टेपवर नोंदी लागणीच्या तारखेनं लावलेल्या असत. सगळ्यात जुना ऊस सगळ्यात वर. आता टेपला कोण देतं? नोंदणीचा प्रोग्राम. त्याला कोण देतं? आमची कार्डं. कार्डांना? गावातले चिटबॉय, म्हणजे बांधावर जाऊन उसाची नोंद घेणारी कारखान्याची माणसं.

मी एकेक बाण तपासत मागं गेले. मामा माणसाचं मूळ काढत तशीच. भांडगावच्या नोंदी काढल्या. लागणीच्या तारखा बरोबर. कोवळा ऊस कोवळाच लिहिलेला होता. नोंदणीचा प्रोग्राम ओळीओळीनं वाचला. बरोबर. तोडणीचा वाचला. बरोबर. सगळी वाट सरळ, प्रत्येक घर सज्जन, आणि पोर मात्र बिघडलेलं.

"कुणाची सोयरीक मोडली?" बाजीनं डबा उघडत विचारलं.

"सापडत नाही."

"मग मामांनीच केलं असेल."

"त्यांना जमणार नाही, बाजी. यात सासुरवाडीचं कार्डच नाही."

"त्यांना न जमणारं खूप आहे. पण बायकोच्या धाकानं माणसाला काहीही जमतं."

संध्याकाळी घरी आले तर कॉलनीच्या नळावर भांडण चाललं होतं. आमच्या ओळीत सहा क्वार्टरांना एक नळ होता. टोकाच्या क्वार्टरमधल्या तमिळ बाई आणि आमच्या शेजारच्या काकू यांचं एकमेकींशी नातं नव्हतं, बोलणं नव्हतं, भाषाही एक नव्हती. पण त्या बाईंनी सकाळी हंडे भरताना आमच्या ओळीनं लावलेल्या बादल्या बाजूला सरकवल्या होत्या आणि जाताना त्या वाटेल तशा ठेवल्या होत्या. काकू नेहमीप्रमाणं पहिली बादली आपली समजून घेऊन गेल्या, आणि ती निघाली दुसऱ्याच कुणाची. आता बादलीवरून तीन घरांचा उद्धार चालला होता. तमिळ बाई आपल्या दारात शांतपणे तांदूळ निवडत होत्या. त्यांचं नावही कुणी घेत नव्हतं.

मी बराच वेळ दारात उभी राहिले. आईला वाटलं, मला भांडण आवडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तोडणीच्या कार्डापासून नाही, टेपच्या कार्डापासून सुरुवात केली. प्रश्न बदलला. तोडणीला कोण देतं, हा नाही. या टेपला आणखी कोण कोण हात लावतं, हा. मी सगळे प्रोग्राम पुन्हा चाळले आणि एक सापडला. त्याचा तोडणीशी काडीचा संबंध नव्हता. तो दिवाळीच्या साखरेचा होता.

सभासदांना दिवाळीला सवलतीची साखर मिळते. आदल्या वर्षी ती वाटताना ट्रॅक्टर आधी कोणत्या गावात जावा यावरून रुसवे झाले होते. एका गावानं तर मान राखला नाही म्हणून साखर परत पाठवली होती. आमच्याकडे साखर परत पाठवणं म्हणजे लग्न मोडणं. म्हणून या वर्षी मंडळानं ठरवलं की गावांची नावं अक्षरांनी लावायची, म्हणजे कुणाचा अपमान नको. मराठी बाराखडीनं लावली तर वर येणाऱ्या गावाचे संचालक विरोधी गटातले निघाले. मग इंग्रजीनं लावायचं ठरलं. तो क्रम इंग्रजांनी लावलेला असल्यामुळं त्यात कारखान्याचं राजकारण नसणार, असं सगळ्यांनी मानलं. चेअरमनांचं गाव इंग्रजीत जवळजवळ शेवटाला गेलं. त्यांनी ते मोठ्या मनानं घेतलं आणि जो शेवटी घेतो तोच मोठा, अशा अर्थाचं भाषणही केलं. पेढे वाटले होते.

सरांनी ते काम कसं केलं होतं ते आता माझ्या समोर होतं. गावांप्रमाणं लावलेली वेगळी टेप करायला वेळ लागला असता, आणि यंत्राचा वेळ भाड्याचा. त्यांनी मुख्य टेपच गावांप्रमाणं लावली, साखर वाटून टाकली आणि टेप तशीच परत ठेवली. दिवाळी संपली, हंगाम सुरू झाला. तोडणीच्या प्रोग्रामनं नेहमीप्रमाणं पहिली बादली उचलली.

मी पंधरवड्यांचे सगळ्या गावगटांचे कागद एकाशेजारी एक पसरले. एरवी ते कुणीच एकत्र बघत नसे, प्रत्येक गटाचा तुकडा त्या त्या गटाकडे जायचा. पहिल्या पंधरवड्यात सगळी ए आणि बीची गावं. भांडगाव त्यांत. दुसऱ्यात डीपासून पुढं. पुढचा नंबर केचा होता, म्हणजे कवठे येमाई. मी खडूनं साखरेच्या कार्डापासून टेपपर्यंत एक बाण काढला. आख्ख्या फरशीवर तो एकच बाण असा होता की जो आधी कुणाच्या लक्षात आलेला नव्हता.

बाजी येऊन बघून गेली. "म्हणजे साखरेमुळं ऊस तुटला?"

"हो."

"एरवी उलटं असतं," ती म्हणाली आणि यंत्रावर जाऊन बसली.

शनिवारी मी पुण्याला गेले. यंत्राच्या खोलीबाहेर चपला काढून, स्वेटर घालून आत गेले आणि सरांना सांगितलं. सरांशी मी इंग्रजीत बोलायचे, त्यामुळं ते लवकर संपलं. त्यांना पहिल्या मिनिटातच कळलं. हुशार माणूस होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग मराठीत बोलायला लागले. मराठीत आले की समजायचं, आता समजूत घालणार.

"हे बघ, पुढच्या वेळी प्रोग्राम चालवताना मी टेप तारखेनं लावून घेतो. विषय संपला."

"आणि सोमवारची मीटिंग?"

"ते शेतकी खात्याचं प्रकरण आहे. आपलं खातं वेगळं."

"पण मामांना काढतील."

"तू मामांची कोण लागतेस?"

मी मामांची कुणीच लागत नव्हते, आणि ते तसं राहावं याची मामांनी स्वतः काळजी घेतली होती.

"मंडळाला अजून यंत्रावर विश्वास नाही," सर म्हणाले. "चूक यंत्राच्या बाजूची निघाली की हे सगळं बंद करतील. तुझ्या दौंडच्या दोन खोल्या आधी बंद होतील. बाजी काय करेल? तू काय करशील? सोमवारी कागद घेऊन ये, मागं बस. ट्रेनी बोर्डासमोर बोलत नाही."

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. सर म्हणाले ते खोटं नव्हतं. मी बोलले नाही तर चूक दुरुस्त होणारच होती, ऊस वेळेवर तुटणार होता, बाजीची नोकरी राहणार होती, माझीही. फक्त एक माणूस जाणार होता, आणि तोही मला थर्मासमधला चहा न देणारा. इतकं स्वस्तात कुठं काय मिळतं? उरुळीपर्यंत मला ते पटलेलं होतं. केडगाव येईपर्यंत पटेनासं झालं, आणि दौंडला उतरले तेव्हा मला सरांचा राग आला होता, मामांचा होताच, आणि त्यात भर म्हणून वडिलांचाही. कमी दिसावं, कमी बोलावं, काम चोख करावं, हे त्यांचं मला पहिलीपासून पाठ होतं. काम चोख केल्यामुळंच आता ही पंचाईत आली होती.

सोमवारी एसटीनं शिरूरला गेले. कारखान्याचं तिथलं ऑफिस बियाण्याच्या भांडारावर होतं. जिना चढताना ज्वारीच्या बियाण्याला लावलेल्या औषधाचा वास यायचा आणि वर पोचेपर्यंत माणसाला शिंका सुरू व्हायच्या. संचालक मंडळाच्या बऱ्याच गंभीर बैठका त्यामुळं शिंकांनीच सुरू होत.

मी मागच्या बाकावर कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. मामा दाराजवळ उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे, टोपी हातात. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात आडनाव, गाव, काहीच नव्हतं. तहान लागलेल्या माणसासारखे ते नुसते बघत होते.

"बोला मामा," एक संचालक म्हणाले. "सासऱ्याचा गहू कसा हाय?"

"साहेब, मी सही केली ती कागद बघून केली."

"कागद बघून? का कागदामागचं बघून?"

"लेकीचा बाप आधी, मग सभासद," दुसरे एक संचालक म्हणाले. "रीतच हाय ती."

"सासऱ्याला गहू पेरायचा म्हणून आख्ख्या कारखान्याचा उतारा पाडला का हो तुम्ही?"

मामांनी काहीतरी सुरू केलं, पण त्यांना शिंक आली आणि त्यावर सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत. त्यांनी हात वर केला. त्यांचा आडसाली ऊस अजून रानात उभा होता आणि त्यांना तुऱ्याची चीड आली होती.

"यादी करतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मशीन, साहेब," सर म्हणाले.

"मशीन चुकतं का?"

"नाही, साहेब."

"मशीनला सासुरवाडी हाय का?"

"नाही, साहेब."

"मामांना?"

मामा टोपीची घडी उलगडून पुन्हा घालत होते.

"झालं तर मग," चेअरमन म्हणाले. "लिहा ठराव."

सेक्रेटरीनं पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, सर आता बोलतील. ते टायची गाठ नीट करत होते. मला वाटलं, मामा बोलतील. पण नेमकं काय झालं हे मामांना माहीतच नव्हतं; त्यांना स्वतःलाही बहुधा शंका यायला लागली होती की झोपेत आपण सासऱ्याचं नाव वर घातलं की काय. खोलीत हे माहीत असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक टायच्या गाठीत गुंतलं होतं.

वाक्य मनात तयार करायला या वेळी वेळ नव्हता. मी उठले. मांडीवरचे कागद खाली पडले आणि जिन्याच्या दिशेनं उलगडत गेले. सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

"मामांनी नाही," मी म्हणाले. आवाज इतका लहान आला की चेअरमनांनी कानामागं हात नेला. मी पुन्हा, कागदांकडे न बघता, मोठ्यानं बोलले. "तोड आमच्याकडूनच उलटी लागली. दिवाळीची साखर वाटताना तुमची गावं टेपवर ए-बी-सी-डीनं लावली आणि ती परत तारखेनं लावलीच नाहीत. भांडगाव बीवर आहे म्हणून आधी तुटलं. टेप आहे तशीच चालवली तर पुढचं कवठे येमाई आहे, हवं तर चिठ्ठी निघायच्या आधी माझ्याकडून लिहून घ्या. आणि चेअरमनसाहेब, तुमचं गाव व्हीवर आहे, म्हणून तुमचा ऊस उभा आहे. मामांना काढलंत तरी तो उभाच राहील."